वाया गेलेली खळ

या घरात दिवसा तेल नसतं.

सकाळी आठला शटर वर गेलं की संध्याकाळी साडेसहाला खाली येईपर्यंत जे खायचं ते कोरडं. भाजलेला पाव, लोणी न लावता. उकडलेलं अंडं, चार फोडी करून, काट्याने. सफरचंद चालतं; संत्रं चालत नाही, कारण त्याच्या सालीचं तेल बोटांत मुरतं आणि दोन तासांनी कुणाच्या तरी पुस्तकाच्या पंचविसाव्या पानावर उमटतं. शेंगदाणे बंद. बीट आणि डाळिंब यांची तर नावंही शटर वर असताना काढायची नाहीत. दुपारी आलेल्या पाहुण्याला वाटतं, घरात कुणीतरी आजारी आहे.

तोच पाहुणा संध्याकाळी आला तर चक्रावतो. शिकंज्यांचे आटे आवळून झाले, सुऱ्या फडक्यात गुंडाळून फळीवर गेल्या, की आतल्या खोलीत कढई चढते आणि दिवसभर राहिलेलं तेल एकदम वसूल होतं. तळलेले मासे, लोण्यात परतलेले बटाटे, वर आणखी लोणी. ओघळ मनगटापर्यंत आले तरी कुणी हात पुसत नाही. दिवसा संन्यासी आणि संध्याकाळी राक्षस, अशी या घराची गल्लीत ख्याती आहे आणि घराला तिचा अभिमान आहे.

हे घर पुस्तकं बांधणाऱ्यांचं. तीन पिढ्यांचं काम. पुढच्या खोलीत पुस्तकं दाबून ठेवायचे चार शिकंजे, एक कटिंग मशीन, पुठ्ठ्यांचे गठ्ठे, शिवायला आलेले छापील पानांचे फर्मे. मागच्या खोलीत स्वयंपाक आणि जेवणाचं टेबल. मध्ये नुसता पडदा. वाचनालयांची फाटकी पुस्तकं, इस्पितळांची जाडजूड रजिस्टरं, शाळांचे नकाशे इथे येतात आणि इथून गेलेलं पुस्तक कण्यातून मोडून परत आल्याचं कुणाला आठवत नाही.

तेलापेक्षाही मोठा असा आणखी एक नियम आहे. जे पांढरं आणि घट्ट, ते पोटात जात नाही. लापशी नाही, पीठ लावून दाट केलेलं दूध नाही, साईचं सूप नाही. कारण मागच्या खोलीत दोन शेगड्या आहेत आणि त्यातल्या एकीवर रोज सकाळी खळ शिजते. खळ म्हणजे मैदा शिजवून केलेला डिंक, ज्याच्यामुळे पुठ्ठ्याला कापड आणि कण्याला अस्तर धरून राहतं. कसर आणि झुरळं लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. मोरचूद विष आहे. खळीचं पातेलं वेगळं, पळी वेगळी, पळीची मूठ निळ्या रंगाने रंगवलेली. ती मूठ दर वर्षी नव्याने रंगवतात आणि ते काम घरातल्या कर्त्या माणसानेच करायचं असतं.

आता ते काम सून करते.

सून पंचावन्न वर्षांची आहे. गल्लीतली जुनी माणसं तिला अजून बेकरीवालीच म्हणतात, जरी तिच्या माहेरची बेकरी बंद होऊन वीस वर्षं झाली. बेकरीवाल्यांच्या घरी खाणं वेगळंच होतं. ताजा पाव तिथे कुणी खात नसे. ताजा पाव गिऱ्हाइकाचा. घरच्यांच्या वाट्याला फुटलेला, करपलेला, साच्याला चिकटून बसलेला. "मऊ ताजा पाव मी पहिल्यांदा लग्नानंतर खाल्ला," असं ती सांगते तेव्हा लोकांना थट्टा वाटते. भाजी क्वचित, कारण बाजार भरायचा त्या वेळी आख्खं घर झोपलेलं असायचं. मैदा, लोणी आणि दूध मात्र हाताशी. मग तिची आई लोण्यात मैदा परतायची, दूध ओतायची, आणि तो पांढरा दाट रस्सा कालच्या पावाच्या तुकड्यांवर घालून सगळ्यांना वाढायची. तिच्या लेखी घराची चव म्हणजे ती.

लग्नानंतर तिसऱ्या संध्याकाळी तिने तोच रस्सा केला.

तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. नियम इतके जुने होते की ते सांगायचे असतात हेच सगळे विसरून गेले होते. तिने वाडगे मांडले, पाव कापून ठेवला. सासूने वाडग्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. नवऱ्याने हळूच विचारलं, "हे काय आहे गं?"

"पांढरा रस्सा. पावावर घालून खायचा."

"खायचा?"

सासरे पुढे वाकले. त्यांना घरात-बाहेर सगळे मास्तर म्हणत. त्यांनी डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक वाडग्यात बुडवलं, अंगठ्यावर टेकवलं आणि दोन्ही बोटं हळूहळू लांब नेली. खळ बघायची ही या कारखान्याची रीत. दोन बोटांमध्ये न तुटता लांब तार आली तर खळ उत्तम. मध्येच तुटली तर फेकून द्यायची.

तार निम्म्यात तुटली.

"लोणी आहे यात," मास्तर म्हणाले. "लोण्याने तार तुटते. वाया गेली."

नव्या सुनेने चारही वाडगे उचलले आणि आत नेले. रडली वगैरे नाही. तिने तो रस्सा एकटीने दोन दिवस पुरवून खाल्ला, आणि त्यानंतर त्या घरात तो कधी केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर पडद्याशी येऊन म्हणाले, "कालच्यात गुठळी नव्हती एकही. आजपासून खळ तू करायची."

या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. एकतीस वर्षं तिने रोज खळ केली. पहिल्या वर्षी मास्तर रोज बोट बुडवून बघत, मग आठवड्यातून एकदा, मग बघेनासे झाले. 'वाया गेली' हे दोन शब्द तिच्या वाट्याला पुन्हा आले नाहीत. शहरातले दुसरे बाइंडर बरणी घेऊन तिच्या दाराशी येतात. ती मिरवत नाही, पण बरणी भरून देताना तिची मान थोडी ताठ होते, हे नवऱ्याने पाहिलेलं आहे.

पाच आठवड्यांपूर्वी मास्तर कटिंग मशीनपाशी उभ्या उभ्या खाली कोसळले. वय त्र्याऐंशी. मेंदूत गुठळी. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणं एक-दोन शब्दांवर आलं, आणि गिळणं बिघडलं. पाणी, चहा, पातळ सूप, काहीही घेतलं की श्वासनलिकेत जाऊ लागलं. इस्पितळात त्यासाठी एक वेगळी तज्ज्ञ होती. तरुण, चटपटीत, खिशात तीन पेनं. घराने तिचं नाव ठेवलं गिळणंबाई.

गिळणंबाईने घरी सोडताना सगळं नीट समजावून सांगितलं. "पातळ काही द्यायचं नाही. चावायचं काही द्यायचं नाही. जे द्याल ते पेस्टसारखं हवं. एकसारखं, गुठळी नको. जमेल ना?"

सुनेला हसू आलं. "पेस्ट? बाई, ते आम्हाला नाही जमणार तर कुणाला?"

या घरात कागदपत्रांवर, पावत्यांवर, बाजारच्या माणसांशी बोलताना खळीला पेस्टच म्हणतात.

तिने घरी येऊन उत्तम पेस्ट केली. मैद्याऐवजी गहू आणि तांदळाचं पीठ, मोरचुदाऐवजी साखर आणि दूध, पातेलं अर्थात दुसऱ्या शेगडीवरचं. तीनदा गाळली. तिने बोट बुडवून पाहिलंसुद्धा, सवयीने. तार दोन बोटं लांब आली. तिचं समाधान झालं.

मास्तरांनी एक चमचा तोंडात घेतला आणि तोंड मिटून बसले. गिळेनात. मग डाव्या हाताने चमचा दूर सारला.

त्यानंतर तीन आठवडे असंच चाललं. तिने पांढरा रंग घालवून पाहिला. पालक घालून हिरवी केली, गाजर घालून केशरी, टोमॅटोने लाल. एकदा बीटसुद्धा घातलं, शटर खाली आल्यावर. मास्तर डोळे मिटून असले तरी जिभेला लागताच ओळखत आणि ओठ आवळून घेत. कधी चमचाभर गेलंच तर टाळूला चिकटून बसे आणि ठसका लागे. दिवसाकाठी चार-पाच चमचे पोटात जात. इस्पितळातून घरी आले तेव्हा छप्पन्न किलो होते. पुढच्या सोमवारी इस्पितळात तपासायला नेलं तेव्हा बावन्न. त्याच्या पुढच्या सोमवारी साडेएकोणपन्नास.

"अठ्ठेचाळीसच्या खाली गेले तर पोटातून नळी टाकावी लागेल," गिळणंबाई म्हणाली. "मग तोंडाने काही नाही. येत्या सोमवारी ठरवू."

मास्तरांनी ते ऐकलं. डावा हात उचलून त्यांनी तो आडवा हलवला. नाही.

"नाही म्हणून कसं चालेल, आजोबा? खायला तर पाहिजे."

मास्तर तिच्या टेबलावरच्या रजिस्टरकडे बघत राहिले.

घरी नवरा-बायकोचं वाजलं. नवराही तसा वडिलांवरच गेलेला, तोलून बोलणारा, पण त्या दिवशी तो बोलला.

"टाकू देत नळी. किती हाल करायचे त्यांचे?"

"त्यांनी नाही म्हटलंय."

"अगं, ते एकतीस वर्षांत तुझ्या कुठल्या गोष्टीला हो म्हणालेत? तू हट्ट सोड."

"हट्ट माझा नाही, त्यांचा आहे."

"तुझा आहे. तुझ्या हातचं कुणी परत पाठवलं की तुला झोप येत नाही."

हे खोटं नव्हतं, त्यामुळे तिला जास्त लागलं. पण त्याच्या पलीकडे एक गोष्ट होती जी तिला त्याला सांगता येईना. संध्याकाळी शटर खाली आलं की मास्तर अजूनही मुलाच्या आधाराने येऊन टेबलाशी आपल्या खुर्चीत बसत. समोर सगळ्यांची ताटं, लोण्याचा वास, आणि ते नुसते बसलेले. नळी लागली की त्या खुर्चीत बसायला काही कारण उरणार नव्हतं.

शुक्रवारी मास्तरांची थोरली बहीण आली. वय एक्क्याण्णव. टॅक्सीतून उतरताना ड्रायव्हरला रागावत, काठी आपटत. घरात सगळे तिला आत्याबाई म्हणतात. तिने भावाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"काय रे, सुतळीसारखा झालायस! ही जेवायला घालत नाही वाटतं?"

मास्तरांच्या तोंडाचा डावा कोपरा हलला.

"घालते हो, आत्याबाई," सून म्हणाली. "तेच घेत नाहीत." आणि तिने समोरचा वाडगा दाखवला. दुपारचे चार वाजले होते. गाजराचा रंग, दाट, गुळगुळीत, काठावर एक शिंतोडा नाही.

आत्याबाईने चमचा बुडवून वर उचलला. मागोमाग लांब तार आली आणि तुटता तुटेना. तिने चमचा खाली ठेवला.

"ही खळ आहे."

"छे हो, गहू-तांदूळ, दूध, साखर, गाजर—"

"मी विचारलं नाही काय घातलंस. पुस्तकवाल्यांच्या घरात जन्मलेय मी. ही खळ आहे. आणि ही तू ह्याला भरवतेस? ह्याला?"

"म्हणजे?"

आत्याबाईने भावाकडे पाहिलं. भाऊ खिडकीकडे बघत होता.

"कुणी सांगितलंच नाही होय तुम्हाला? बरोबर आहे, हा कशाला सांगतोय. अगं, चार वर्षांचा होता. मी बाराची. आई आजारी, मी स्वयंपाकाला, आणि हा भुकेला. खळीचं पातेलं निवत ठेवलं होतं. त्याला वाटलं लापशी. चांगली वाटीभर खाल्ली बसून."

"मोरचूद..." नवरा पडद्यापाशी येऊन उभा राहिला होता.

"मग काय तर. निळी ओकारी. सात दिवस निपचित होता. आठव्या दिवशी उठला आणि पाणी मागितलं. त्याच दिवशी आमच्या बाबांनी दुसरी शेगडी आणली आणि पळीची मूठ रंगवली. पांढरं-घट्ट काही खायचं नाही, हे तेव्हापासून. तुम्हाला काय वाटलं, नियम आकाशातून पडला?"

आत्याबाईला थांबायचं नव्हतं.

"आणि त्यानंतर ह्याची एक खोडच झाली. ताटात येईल त्यात आधी बोट घालायचं, अंगठ्याला लावून ताणून बघायचं. वरणात, दुधात, भाजीच्या रश्श्यात. तार आली तर खळ, खायचं नाही. तुटली तर खायचं. शाळेत पोरं हसायची, बाबांनी दोनदा मार दिला. पुढे कामाला बसला तेव्हा हीच खोड उपयोगी पडली. खळ बघायची ही रीत आमच्या बाबांची नाही हो. ह्याची आहे. ह्या भित्र्याची."

"ए," मास्तर खिडकीकडेच बघत म्हणाले. पाच आठवड्यांत त्यांचा इतका स्पष्ट शब्द कुणी ऐकला नव्हता.

"हो, भित्राच! माझ्या हातून सुटलास म्हणून मी तीन महिने सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्यात."

सून वाडगा घेऊन आत गेली. तिने तो ओट्यावर ठेवला आणि बोट बुडवलं. तार आली. एक बोट, दोन बोटं, जवळजवळ तीन. आयुष्यातली सगळ्यात चांगली खळ तिने गेले तीन आठवडे सासऱ्यांना खायला घातली होती.

मग तिला तिसरी संध्याकाळ आठवली. चार वाडगे, कापलेला पाव. मास्तरांनी डाव्या हाताने बोट बुडवलं होतं. ती त्या बोटाकडेच बघत राहिली होती. उजव्या हाताकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं. गेलं नव्हतं असं ती समजत होती. पण डोळ्यांनी ते ठेवून घेतलेलं होतं आणि आता ते वर आलं. उजव्या हातात पावाचा तुकडा होता. तार तुटली, ते 'वाया गेली' म्हणाले, आणि तो तुकडा वाडग्याकडे निघाला होता. तिने वाडगाच उचलून नेला.

ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि एकटीच हसली. बाहेरून आत्याबाईने विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काही नाही, उशीर झाला जरा."

तिने इस्पितळात फोन लावला. गिळणंबाई फोनवर आली.

"बाई, एक विचारायचं होतं. तुम्ही पेस्ट म्हणालात ते चिकट हवं का?"

"चिकट? अजिबात नको! चिकट असलं तर घशात अडकेल. चमचा तिरका केला की गोळा सुटून पडला पाहिजे आख्खा. तुम्ही काय देताय?"

"पेस्ट."

"कसली?"

"पुस्तकांची."

"मी टूथपेस्ट म्हणत होते हो," गिळणंबाई म्हणाली. "सगळे तेच समजतात."

"आमच्याकडे दात पावडरीने घासतात," सून म्हणाली आणि फोन ठेवला.

खळ कशाने बिघडते हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? एकतीस वर्षं ती डोळ्यांत तेल घालून ते टाळत आली होती. पीठ कमी पडलं, तार नाही. आंबट गेलं, तार नाही. अंडं गेलं, तार नाही. आणि लोणी. लोण्याचा ठिपका जरी पातेल्यात गेला तरी आख्खी खळ कामातून जाते, म्हणून खळीच्या शेगडीच्या चार हात जवळ लोणी येऊ द्यायचं नाही, हे तिने स्वतः तीन हाताखालच्या बायकांना शिकवलं होतं.

तिने फ्लॉवर उकडून चाळणीतून काढला. लोणी घेतलं, आई घ्यायची त्याच्या तिप्पट. मैदा आईच्या निम्मा. दूध ओतलं, फ्लॉवर घातला, खाली उतरवून दोन अंड्यांचा बलक मिसळला, मीठ, आणि पुन्हा गाळलं. रंग घातला नाही. पांढरं ते पांढरंच राहू दिलं. चमचा तिरका केला. गोळा सुटून वाडग्यात पडला. तिला ते दिसायला चुकीचं वाटलं. हात आपोआप पिठाच्या डब्याकडे गेला होता, तो तिने मागे घेतला.

ती साडेसहापर्यंत थांबली. यात लोणी होतं, आणि शटर वर असताना या घरात लोणी बाहेर येत नाही. नवऱ्याने शिकंजे आवळले. सुऱ्या फळीवर गेल्या. शटर खडखडत खाली आलं. मास्तर मुलाच्या आधाराने खुर्चीत बसले, आत्याबाई शेजारी बसली. सुनेने सगळ्यांची ताटं वाढली आणि मग पांढरा वाडगा आणून मास्तरांच्या समोर ठेवला.

चमचा तिने दिला नाही.

नवरा म्हणाला, "अगं, पुन्हा पांढरं?"

"तुम्ही गप्प बसा हो जरा."

मास्तरांनी वाडग्याकडे पाहिलं. मग सुनेकडे. ती म्हणाली, "बाबा, बघून द्या."

हे कारखान्यातलं वाक्य होतं. पहिल्या वर्षी ती रोज सकाळी खळीचं पातेलं पुढे करून हेच म्हणत असे.

मास्तरांचा डावा हात टेबलावरून सरकत आला. तर्जनी वाडग्यात गेली, वर आली, अंगठ्यावर टेकली. त्यांनी कोपर टेबलाला लावून घेतलं. मग बोटं लांब नेली. कसलीही तार नव्हती. रस्सा स्वच्छ तुटला, अर्धा अंगठ्यावर आणि अर्धा बोटावर राहिला.

त्यांनी दुसऱ्यांदा बघितलं. आत्याबाईने तोंड उघडलं होतं, सुनेने तिच्या हातावर हात ठेवला.

"वाया," मास्तर म्हणाले. जीभ अडली. त्यांनी पुन्हा जुळवाजुळव केली. "वाया गेली."

आणि तोंड उघडलं.

त्या संध्याकाळी अकरा चमचे गेले. प्रत्येक चमच्यानंतर सून गिळण्याची वाट बघत होती, गिळणंबाईने शिकवल्याप्रमाणे हनुवटी खाली, घाई नाही. ठसका एकदाही लागला नाही. आठव्या चमच्याला आत्याबाईने सुनेच्या मागून वाडग्यात पाव बुडवून खाल्ला आणि म्हणाली, "चांगलं आहे की गं! इतकी वर्षं कुठे लपवलं होतंस?"

"ह्यांनाच विचारा," सून म्हणाली.

शनिवारी दोन वाडगे, रविवारी तीन, सगळे शटर खाली असताना. रविवारी तर सुट्टी, शटर दिवसभर खालीच, त्यामुळे मास्तरांना नियम न मोडता सकाळीही जेवता आलं. प्रत्येक वाडग्याआधी ते बोट बुडवून बघत, आणि प्रत्येक वेळी तिची खळ वाया गेल्याचं सांगत. नवऱ्याने रविवारी दुपारी स्वतःचं ताट पुढे केलं आणि हळूच म्हणाला, "मलाही घाल थोडी वाया गेलेली."

सोमवारी काटा अठ्ठेचाळीस किलो सातशेवर थांबला. गिळणंबाईने दोनदा वजन केलं, चमचा तिरका करून पाहिला, मास्तरांच्या घशावर दोन बोटं ठेवून त्यांना तीन चमचे गिळायला लावले.

"नळी नको," ती म्हणाली. "आत्ता तरी नको. हेच चालू ठेवा, पण सकाळीही द्या."

"सकाळी लोणी चालत नाही आमच्याकडे," सून म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "त्यांना पडद्याच्या आत देईन. कागदापासून लांब."

गिळणंबाईने वजन लिहायला रजिस्टर ओढलं. जाडजूड, हिरव्या कापडाचं. ती लिहीत होती तेव्हा मास्तरांचा डावा हात टेबलावर आला आणि त्यांनी रजिस्टर स्वतःकडे वळवलं. अंगठा कण्यावरून वरपासून खालपर्यंत फिरवला. मध्ये एका जागी कापड पुठ्ठ्यावरून सुटून फुगलं होतं. त्यांनी ते नखाने उचललं, आतली वाळलेली पांढरी पापडी खरवडली, तर्जनी आणि अंगठ्यात धरून चुरली. तिची भुकटी झाली.

"वाया गेली," ते म्हणाले.

गिळणंबाईचा चेहरा पडला. "आवडलं नाही का त्यांना? आत्ता तर तीन चमचे घेतले!"

"जेवणाला नाही म्हणत," सून म्हणाली, आणि बरणी भरून देताना होते तशी तिची मान ताठ झाली. "तुमच्या रजिस्टराला म्हणतायत. हे आमच्याकडचं नाही."